यंदा आमच्याकडे फानेस्का नाही

लाताकुंगा,
ईस्टरनंतरचा बुधवार

आदरणीय सोइलावन्सं,

एन्रिकेताचा नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे, रक्तदाब आटोक्यात आहे का, घोट्याची सूज उतरली का, आणि ग्वायाकिलच्या उकाड्यात दुपारभर उघड्या अंगणात झोपायची सवय तुम्ही सोडलीत का, हे सविस्तर कळवावे. (सोडली नसेल तरी तसे लिहावे. खोटे लिहिलेत तर तुमच्या सुनेकडून मला कळतेच.) तुमचे बंधू ठणठणीत आहेत. त्यांना कधी काही होत नाही. जे काही व्हायचे ते त्यांच्यामुळे इतरांना होते, आणि हे पत्र बरेचसे त्याविषयीच आहे.

मुद्द्याचे आधी. माझा उजवा गुडघा गेल्या ऑक्टोबरपासून निकामी झाला आहे. निजायची खोली वरच्या मजल्यावर, आणि जिना तुमच्या वडिलांनी बांधलेला, म्हणजे माणसांपेक्षा बकऱ्यांना सोयीचा. त्यामुळे मी खाली बैठकीत दिवाणावर झोपते आणि तुमचे बंधू वर, लग्नात मिळालेल्या पलंगावर, आडवेतिडवे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला खिडकी लावायची आठवण जिन्याखालून ओरडून करून द्यावी लागते, आणि सगळ्या गल्लीच्या खिडक्या लागतात. मला माझ्या पलंगावर परत जायचे आहे, एवढीच माझी मागणी आहे. इस्पितळातले डॉ. सेवाय्योस (वयाने मी शिकवलेल्या शेवटच्या वर्गातल्या मुलींएवढे, पण मान ठेवून बोलतात) म्हणाले की नवा गुडघा बसवता येईल, मात्र त्याच्यावरचे ओझे आधी कमी करा. ऐंशी किलोच्या खाली आलात तर ईस्टरनंतरच्या सोमवारी शस्त्रक्रियेची तारीख देतो. नाही आलात तर तुमची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला, आणि तुम्ही पुढच्या वर्षी या. मला हे बोलणे आवडले. मीही मुलींशी असेच बोलत असे.

नाताळानंतरसुद्धा माझी गाडी रुळावर होती. सकाळी उकडलेले अंडे, दुपारी पातळ सूप, रात्री सफरचंद आणि आत्मसंयम. मग उपवासाआधीचा कार्निव्हल आला, आणि त्याच्याबरोबर आंबातोहून तुमचे धाकटे बंधू सहकुटुंब आले, चार दिवस राहिले, आणि जाताना तळलेल्या डुकराचे एक मोठे भांडे मागे ठेवून गेले. (अन्न टाकून देणे हे पाप आहे. खाणे हेही पाप असू शकते का, यावर मी त्या आठवड्यात फारसा विचार केला नाही.) कार्निव्हलनंतर काट्याकडे पाहून डॉक्टर काही बोलले नाहीत. फक्त "हं" म्हणाले. वन्सं, मी आयुष्यभर मुलींना रसायनशास्त्र शिकवले. "हं" कधी म्हणायचे असते ते मला कुणी शिकवायला नको.

तेव्हा राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतानाच मी ठरवले की आता पुन्हा पहिल्यापासून. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास लागलाच होता, म्हणजे या वेळी चर्च माझ्या बाजूने होते. उपवासाच्या काळात बारीक व्हायला काय अडचण आहे, असे कुणालाही वाटेल. ज्याला वाटेल त्याने आमच्या डोंगराकडचा उपवास पाहिलेला नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मांस वर्ज्य, म्हणून आम्ही बारा शिष्यांच्या नावाने बारा प्रकारचे दाणे शिजवतो, त्यात दोन तऱ्हांचे भोपळे, दूध, लोणी, चीज, वाटलेला शेंगदाणा आणि खारवलेला मासा घालतो, वर उकडलेली अंडी, तळलेली केळी आणि तळलेल्या चिमुकल्या करंज्या ठेवतो, या सगळ्याला फानेस्का म्हणतो, आणि देवाच्या दुःखात सहभागी होऊन उठवत नाही इतके खातो. उपास आणि दुप्पट खाशी म्हणतात ते हेच. (तुमच्याकडे समुद्रकाठी फानेस्का म्हणून जे पाणीदार सूप करतात त्यात हा धोका नाही, हे मी मान्य करते. त्यात धोकाही नाही आणि फानेस्काही नाही.) तर त्याच दिवशी प्रार्थना संपल्यावर मी चर्चच्या दारात, चारचौघींसमोर, स्पष्ट आवाजात जाहीर केले की मला वजन कमी करायचे आहे, म्हणून यंदा आमच्याकडे फानेस्का होणार नाही आणि मी कुणाची घेणारही नाही.

एवढे स्पष्ट बोलल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण आमच्या गल्लीत घरी फानेस्का न करायला तीनच कारणे मान्य आहेत. घरात मयत झालेली असणे, घरातल्या बाईला मोठे दुखणे असणे, किंवा घराने धर्म सोडून इव्हान्जेलिकल लोकांच्या गिटारवाल्या सभेला जायला लागणे. मी दिलेले कारण इतके फुसके होते की ते खरे कारण झाकायलाच दिले असणार, यावर सर्वांचे एकमत झाले. तुमचे बंधू समोरच सायकलवरून ब्रेड आणताना दिसत होते, त्यामुळे मयताचा पक्ष बाद झाला. उरले दोन. समोरच्या घरातली टार्गेलिया (तीच, जिच्या लग्नात तुम्ही केकला नावे ठेवली होतीत) दुखण्याच्या पक्षाची होती. कोपऱ्यावरची पिएदाद धर्मांतराच्या पक्षाची होती, कारण तिने म्हणे मला गिटारकडे टक लावून बघताना पाहिले होते. मी गिटारकडे बघत होते, कारण ते पोरगं चुकीच्या सुरात वाजवत होतं.

पवित्र सोमवारी संध्याकाळी पाद्री बेनिग्नो घरी आले. हातात डबा. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी डबा उघडला आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्या श्रद्धेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. लोकांना आहे. तुम्ही माझ्यासमोर दोन चमचे घ्या, म्हणजे मी छातीवर हात ठेवून सांगू शकेन." मी बायबलमध्ये फानेस्काचा उल्लेख कुठे आहे ते विचारले. ते म्हणाले, बायबलमध्ये पाद्र्याच्या मोटारसायकलीचाही उल्लेख नाही, पण तिच्याशिवाय परगण्याचे काम चालत नाही. मग मी दोन चमचे घेतले. पाद्र्यांच्या मते चमचे लहान होते. ते खरे तर चहाचे होते, मी मुद्दाम तेच काढले होते. अखेर सुपाच्या वाटीवर तडजोड झाली आणि माझा धर्म शाबूत राहिला. वजनाविषयी मी काही लिहीत नाही.

बुधवारपासून पातेली यायला लागली. दरवर्षी एक पातेले आपण पाठवतो, एक समोरून येते, म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या राहतात. यंदा आमच्याकडून काहीच जात नव्हते आणि दुखणेकरी घर म्हणून नेहमीपेक्षा जास्त येत होते. पदार्थ निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे मी मुलींना फळ्यावर लिहून शिकवले, पण त्याचा अर्थ मला यंदाच्या पवित्र आठवड्यात कळला. फानेस्का नष्ट होत नाही. ती फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जाते. तुम्ही म्हणाल, दारातूनच परत पाठवायची. वन्सं, टार्गेलियाने पहाटेपासून बसून पावट्यासारखे बाकल्याचे दाणे एकेक करून सोललेले असताना आणि डोळे पुसत ती दारात उभी असताना, तुमच्यासारख्या बाईनेसुद्धा ते पातेले हातात घेतले असते. आणि एकदा घेतले की रिकामे परत करता येत नाही. रिकामे भांडे परत करणे ही आमच्याकडे शिवी आहे.

तुमच्या बंधूंनी या संकटात मला साथ दिली, ती अशी. मला मोह होऊ नये म्हणून ते आपली वाटी घेऊन वर जात. वर माझा गुडघा पोचत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मी खाली उकडलेले गाजर खात बसलेली असताना वरून चमचा वाटीच्या तळाला लागल्याचा आवाज येई. जिन्यातून तो फार स्वच्छ ऐकू येतो. मग ते खाली येत, वाटी धुवत, आणि मला विचारत, "काय मास्तरीणबाई, कसा काय चाललाय उपवास?" इतके खाऊन तुमचे बंधू अजून काठीसारखेच आहेत. ते अन्न जाते कुठे हे कोडे तुमच्या घराण्याचे आहे, ते तुम्हीच सोडवावे.

गुरुवारी मी एक योजना केली. टार्गेलियाच्या निळ्या पातेल्यात पिएदादची फानेस्का भरायची आणि पिएदादच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात टार्गेलियाची. दोघींची पातेली भरलेली परत जातील, दोघींना वाटेल की एन्रिकेताने शेवटी केलीच, म्हणजे दुखणेही नाही आणि धर्मांतरही नाही, आणि माझ्या घरात एक दाणाही उरणार नाही. वरची सजावट मी बदलली, अंड्याच्या फोडी उलट्या बाजूने लावल्या, एकीच्या करंज्या दुसरीकडे घातल्या. (परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर काढत असे. नक्कल कशी करतात ते त्यांच्याकडूनच शिकले.) पातेली नेऊन देण्याचे काम अर्थातच तुमच्या बंधूंकडे. मी दुपारची जरा पडले. तेवढ्यात त्यांनी निळ्या पातेल्यातली फानेस्का "जराशी" चाखली. जराशी म्हणजे पातेले संपले. मग माझ्या भीतीने त्यांनी निळे पातेले ॲल्युमिनियमच्या पातेल्यातून पुन्हा भरले, अंड्याच्या फोडी मी लावल्या होत्या तशाच उलट्या लावल्या (एवढे निरीक्षण त्यांनी कधी माझ्या नव्या पोशाखाचे केलेले नाही), पिएदादच्या पातेल्यात केळ्यांचा घड ठेवला, आणि दोन्ही पोचती करून आले. थोडक्यात, टार्गेलियाची फानेस्का टार्गेलियालाच परत गेली.

शुक्रवारी दुपारी टार्गेलिया आली. काळी शाल, चेहरा असा की जणू मिरवणुकीतल्या शवपेटीमागून चालत आली आहे. बसली. माझा हात हातात घेतला.

"एन्रिकेता, वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली. "तुझा हात गेला."

मी विचारले, कसा गेला.

"शेंगदाणा भरड आहे. मासा खारट. आणि सालं, एन्रिकेता. दाण्यांना सालं होती. तू तर डोळ्यांत तेल घालून सोलणारी बाई. मी पहिला घास घेतला आणि ह्यांना म्हटलं, ही आपली एन्रिकेता नव्हे, हे तिचं दुखणं बोलतंय." मग तिने आवाज उतरवला. "मला सांग. मी कुणाला सांगणार नाही. पोटात आहे की छातीत?"

"गुडघ्यात," मी म्हणाले.

"तिथेही होतो का तो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

जिन्याच्या वरच्या पायरीवर तुमचे बंधू उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला सगळी हकिकत कळली. पातेल्यात काय होते ते मी टार्गेलियाला त्याच क्षणी सांगू शकले असते. पण खरे सांगितले असते तर दोघींपैकी एकीचा कायमचा अपमान झाला असता, आणि ती मी नसते. म्हणून मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा तिने आणखी वाईट अर्थ घेतला, डोळे पुसले, समोर आपल्या घरी गेली, आणि त्याच हंड्यातली आणखी एक वाटी भरून घेऊन आली. माझ्यासमोर बसली आणि मला चमच्याने भरवायला लागली. "ही खा. याला म्हणतात फानेस्का. शेंगदाणा कसा लोण्यासारखा विरघळतोय बघ." शेंगदाणा भरड होता. मासा खारट होता. साल माझ्या दातात अडकले. मी म्हणाले, खरंच, टार्गेलिया, असा हात कुणाला नाही. वाटी संपेपर्यंत ती उठली नाही, आणि मला उठून पळता येत नव्हते.

शनिवार-रविवार मी पाणी आणि संताप यांवर काढले. सोमवारी सकाळी दार उघडते तो बाहेर भाड्याचा पिकअप. त्यात टार्गेलिया, पिएदाद, एक उशी, एक घोंगडी, चहाचा थर्मास आणि संत अंतोनियोची तसबीर. मी एकटी जाऊ शकते, असे मी म्हणाले. पिएदाद म्हणाली, अशा वेळी एकटं जायचं नसतं, मग धर्म कुठलाही असो. तुमचे बंधू मागच्या बाजूला उशी धरून बसले.

डॉक्टरांच्या खोलीत मी काट्यावर उभी राहिले. मागे तिघे जण भिंतीला टेकून. काटा ऐंशीवर गेला, थांबला, आणि मग अगदी थोडा, पण चांगला डोळ्यांना दिसेल इतका, पुढे सरकला. डॉक्टर वाकून बघत होते. वन्सं, मी आयुष्यात कुणासमोर रडलेले नाही, आणि तिथेही रडले नाही, पण मला जिना दिसला. आणखी एक वर्ष तो दिवाण दिसला.

"ऐंशीचं काय आहे?" टार्गेलियाने विचारले. डॉक्टरांनी तिला समजावले, वजन, गुडघा, तारीख, रांग.

"म्हणजे तू खरंच बारीक व्हायला बघत होतीस?"

"मी राखेच्या बुधवारी चर्चच्या दारात सांगितलं होतं."

"अगं, मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली. आणि मग ती भडकली. एका गुडघ्यासाठी तिने सगळ्या संतांपुढे मेणबत्त्या जाळल्या होत्या, त्यांतल्या काही तर अशा संतांपुढे की जे फक्त शेवटच्या घटकेला पावतात. मला वाटले, ही आता मला तिथेच टाकून जाणार. पण ती तरातरा काट्यापाशी आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "हे वजन कसलं घेता? ही बाई शालीसकट उभी आहे." तिने शाल काढली. पिएदादने खालचा स्वेटर काढला, त्याच्या खालचाही काढला. (लाताकुंग्यात सकाळी थंडी असते.) बूट गेले. कानांतले गेले. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा गेला. मग पिएदादचे लक्ष माझ्या पाकिटाकडे गेले. ते मी हातातच धरले होते. सार्वजनिक ठिकाणी मी पाकीट खाली ठेवत नाही. तिने ते माझ्या बोटांतून सोडवले आणि उचलून बघून म्हणाली, "यात काय वीट आहे?" (वीट नव्हती. जिन्याच्या दाराचे जुने कुलूप होते, दुरुस्तीला द्यायचे राहिलेले.) टार्गेलियाने दातांची कवळीही काढायला सांगितली. तेवढे मी ऐकले नाही. काटा हळूहळू मागे आला आणि ऐंशीच्या अलीकडे जाऊन उभा राहिला. तुमचे बंधू उशी छातीशी धरून उभे होते.

डॉक्टर सरळ झाले. "बाई, दोन घासांचा फरक मी मोजणार नव्हतो," ते म्हणाले. "कार्निव्हलला सुटलेली माणसं ईस्टरला इथे तोंड दाखवत नाहीत. तुम्ही परत वाटेला लागलात, तेवढं मला बघायचं होतं." मग त्यांनी मे महिन्याची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात मी स्वेटर चढवताना टार्गेलियाला म्हणाले, शुक्रवारची वाटी तू भरवली नसतीस तर मला चारचौघांत असे सोलायची वेळ आली नसती. ती म्हणाली, "माझ्या वाटीला नावं ठेवू नकोस. तुझी ती खारट फानेस्का तू आधी चाखली असणार. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं." तुमचे बंधू खोकले. मी त्यांच्याकडे बघितले. ते पिकअपच्या दिशेने निघाले.

पत्र लांबले. तुमच्या सुनेला माझा आशीर्वाद, आणि तिला सांगावे की तुमच्या ताटातले तळलेले केळे रोजच्या रोज मोजत जावे. वजनाने किंचित घटलेली, बाकी होती तशीच, तुमची भावजय,

एन्रिकेता

ता. क. शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस पडून राहावे लागेल. टार्गेलिया आणि पिएदाद यांनी गल्लीतल्या सगळ्या घरांना डबे पोचवायच्या पाळ्या परस्पर लावून टाकल्या आहेत. बटाट्याचे चीज भरलेले वडे, कोंबडीचे दाट सूप, अंजिराचा मुरंबा असे काही काही ऐकू येते. नव्या गुडघ्यावर पुन्हा जुने ओझे नको, असे डॉक्टरांनी बजावले आहे, आणि मी तर अंथरुणाला खिळलेली. आपल्या नात्यात दारातल्या माणसाला तोंडावर "नको" म्हणून दार लावून घेणारी बाई एकच आहे, आणि मी हे स्तुती म्हणून लिहिते आहे. तेव्हा तुम्ही मे महिन्यात यावे आणि माझ्या दारात बसावे. माझी विनंती एवढीच होती. बाकीचे पत्र तिच्यासाठीच लिहिले.

ता. क. दुसरा. तुमची झोपायची सोय वर केली आहे. खोली रिकामी आहे. सोमवारी इस्पितळातून आल्यावर तुमच्या बंधूंनी गादीची गुंडाळी करून ती जिन्यावरून खाली ओढत आणली आणि माझ्या दिवाणाशेजारी जमिनीवर घातली. मी म्हणाले, शस्त्रक्रिया मे महिन्यात आहे, आत्ता काय, आणि तुम्ही घोरता. ते म्हणाले, वर झोप लागत नाही. कधीपासून, असे विचारले तर म्हणाले, ऑक्टोबरपासून. या गोष्टीचा तुम्ही त्यांच्याकडे उल्लेख करू नये. मात्र येताना स्वतःची गादी आणावी, वरच्या पलंगावर आता नुसत्या फळ्या आहेत.